पुळणीखालचे आवाज

माझा नवरा बहिरा होता आणि बरीच वर्षं मी त्याचे कान होते. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे, तोंडावर म्हणायची माझी छाती नव्हती आणि तशी रीतही नव्हती. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा बायका नवऱ्याला उंबऱ्याआडून 'अवो' म्हणून हाक मारत. मी हाक मारून काय उपयोग, कपाळ! मला सरळ जाऊन दंडावर थापटी मारावी लागे. चारचौघांत बायकोने नवऱ्याला हात लावला म्हणून गावाला महिनामहिना चघळायला विषय मिळायचा. सुरुवातीला मी लाजून मरत असे. पुढे लाज कोळून प्यायले, कारण पुढे मला त्याचा हात तासन् तास धरावा लागला, आणि तोही उघड्या पुळणीवर.

पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. आमचं घर मालवणच्या दक्षिणेला, पुळणीला लागून. युद्धात नवरा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला होता, सुरुंग शोधून काढणाऱ्या तुकडीत. एक सुरुंग शोधायचा राहिला. त्यात शेजारचा गडी गेला आणि ह्याचे कान गेले. परत आला तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता, त्यामुळे लोकांना तो बहिरा आहे हे पटतच नसे. खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा तो घरात बोलायचा.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी तो आगबोटीने मुंबईला गेला. पलटणीचं जुनं सामान तिथे विक्रीला निघालं होतं. येताना त्याने काय आणावं? सुरुंग शोधायचं यंत्र! एक लांब काठी, तिच्या टोकाला तव्याएवढी चकती, खांद्यावर अडकवायची एक जड पेटी, पेटीत बॅटऱ्या आणि कानांवर चढवायचे दोन काळे गोळे. चकती जमिनीवरून फिरवायची. खाली धातू असला की कानातला आवाज बदलतो. म्हणजे ज्या कामाने कान खाल्ले त्याच कामाचं हत्यार, आणि तेही कानांवरच चालणारं.

"आंधळ्यान आरसो हाडल्यान," सासूबाई म्हणाल्या.

पण त्याने हिशेब करून आणलं होतं. पावसाळ्यात मचव्यांचे नांगर आणि साखळ्या तुटून वाळूत जात. वाळू त्यांच्यावर हात-दोन हात चढे. ते शोधून काढणारा माणूस किनाऱ्यावर नव्हता. यंत्र तो धरणार, ऐकणार मी.

"माका आयकाक येणा नाय, पण आवाज माका म्हायत आसत," तो म्हणाला. "तू फकत सांग, वर जाता काय खाली जाता."

हे 'फकत' शिकायला माझे दोन उन्हाळे गेले.

कानांवर गोळे चढवले की समुद्र बंद व्हायचा. मग एकच गुणगुण उरे, बंद खोलीत भुंगा शिरल्यासारखी. चकती लोखंडावर आली की ती खाली उतरते, चांदी-पितळेवर आली की वर चढते, असं त्याने मला सांगितलं. सांगायला सोपं होतं. प्रत्यक्षात ऊन तापलं की ती गुणगुण आपोआप सरकायची आणि पेटीवरचं बटण पुन्हा पिळून तिला जागेवर आणावं लागे. ओल्या वाळूवर ती एक बोलायची, कोरड्या वाळूवर दुसरं. आमच्या पुळणीत काळ्या वाळूचे पट्टे आहेत, चुंबकाला चिकटणारी वाळू. त्या पट्ट्यावर चकती नेली की आवाज असा खाली जायचा की जणू खाली अख्खी आगबोट बुडाली आहे. पहिल्या महिन्यात आम्ही त्या वाळूवर किती खड्डे खणले आणि किती वेळा नुसती वाळूच काढली ते विचारू नका. आणि सड्यावरचा, म्हणजे वरच्या माळावरचा, जांभा दगड तर लोखंडाचाच भाऊबंद. तिथे यंत्र सारखं कण्हत राही. गावातल्या एका बड्या असामीने पूर्वजांचा हंडा शोधायला आम्हाला बोलावलं. मी 'आवाज सगळीकडेच खाली आहे' म्हणाले, तर त्यांनी सगळीकडेच धन आहे असं समजून परसदार उकरून ठेवलं. जांभा निघाला. घराच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, तरी कामी आला.

माझी स्वतःची चूक याहून मजेची होती. चकती माझ्याजवळ आली की आवाज दर वेळी वर चढायचा. मी दंडाला हात लावला की हा खणायचा. काही नाही. दोन पावलं पुढे, पुन्हा वर. पुन्हा काही नाही. 'समुद्रात काय चांदी पिकली?' म्हणून तो वैतागला. एके दिवशी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माझ्या पायांत जोडवी होती. आम्ही आठवडाभर माझीच जोडवी शोधत होतो! नवरा जिवंत असताना जोडवी काढायची म्हणजे सासूबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. पण मी काढली. पुळणीवर जाताना पदराच्या गाठीत बांधायची आणि पदर पाठीमागे खोचायचा.

सांगायचं कसं हेही आम्हीच ठरवलं. तो उजव्या हाताने काठी फिरवायचा, डावा हात माझ्याकडे द्यायचा. आवाज खाली गेला की मी त्याच्या कोपरापासून मनगटाकडे बोटं ओढायची. वर गेला की मनगटापासून कोपराकडे. आवाज आखूड असला तर चिमटा, लांब असला तर सावकाश. तो डोळे मिटून उभा राही आणि माझ्या बोटांवरून सांगे, "खिळो. सोड." किंवा "साखळी. आडवी पडलीहा." दहातल्या आठ वेळा बरोबर असायचं.

सराव तो घरामागच्या वाळूत द्यायचा. मला पाठमोरी उभी करायचा, काहीतरी पुरायचा, वरून वाळू हाताने सारखी करायचा. मग मी ऐकायचं आणि काय ते ओळखायचं. विळीचं पातं, तांब्या, किल्ली, फुटका डबा. चकती हळूहळू उचलत न्यायची. आवाज किती उंचीवर मरतो त्यावरून वस्तू किती खोल आहे ते कळतं, हेही तिथेच शिकले. चुकले तर वस्तू उकरून माझ्या नाकासमोर धरायचा. सासूबाई मागल्या दारात बसून भात पाखडत आणि म्हणत, "लोकांची पोरां वाळयेत खेळतत, आमचे थोरले खेळतत."

त्यांनी ते सहज म्हटलं असेल. पण पोरांचं नाव निघालं की मला पुढचं ऐकू येत नसे.

आम्हाला एक मुलगा झाला होता. नवरा ब्रह्मदेशात असताना झाला आणि तिसऱ्या महिन्यात अंगावर सूज येऊन गेला. मी तेव्हा तापाने फणफणले होते. शुद्धीवर आले तेव्हा कुशीत गुंडाळलेलं लुगडं होतं, मूल नव्हतं. दात न आलेल्या मुलाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. घरातला एकच पुरुष नेतो, मागे वळून बघत नाही आणि जागा कुणाला सांगत नाही. आईला तर नाहीच नाही. सासऱ्यांनी नेलं. त्यांना विचारायचं धैर्य मला झालं नाही. नवरा परत येण्याआधी सासरेही वारले. त्यानंतर आम्हाला मूल झालं नाही. नवऱ्याने मुलाबद्दल एकदाच विचारलं, "कोणासारखो दिसा?" मी "तुमच्यासारखो" म्हणाले. त्यानंतर आम्ही दोघंही गप्प बसलो, वर्षानुवर्षं.

दुसऱ्या उन्हाळ्यात एका मचव्याचा नांगर शोधत आम्ही खाडीच्या तोंडाकडे, केतकीच्या बनामागे गेलो. तिकडे बायका फिरकत नाहीत. का, ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. तिथे काळी वाळू नव्हती, पांढरी आणि मऊ होती. यंत्राची गुणगुण स्थिर होती. मग अचानक आवाज खाली गेला, आखूड. मी चिमटा घेतला. त्याने खणलं. बरंच खोल, कमरेएवढं खाली, होडीला मारतात तसला चौकोनी डोक्याचा गंजलेला खिळा निघाला. त्याने तो फेकून दिला. चार पावलांवर पुन्हा तसाच आवाज. पुन्हा खिळा, तेवढाच खोल. तिसऱ्या ठिकाणी मी चिमटा घेतला तेव्हा त्याने खणायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. मी पाहिलं तर तो हाताने वाळू परत आत लोटत होता. फेकलेले खिळे शोधून आणून त्याने एकेक जागच्या जागी ठेवले आणि खड्डे बुजवले.

"चल," तो म्हणाला. "हय पोरां आसत."

पुरताना मुलाजवळ लोखंड ठेवतात, बाधा होऊ नये म्हणून. हे मला माहीत होतं. बाळंतिणीच्या उशाखाली विळी ठेवतात तसंच ते. मला कळायला हवं होतं. मी तिथेच वाळूवर बसले आणि उठेचना. माझ्या मुलाच्या उशाला एक खिळा असणार आणि तो याच बनामागे कुठेतरी असणार. मला त्याची जागा हवी होती. उकरायचं नव्हतं. इथे आहे, एवढं कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगू शकेल असं जगात आता हे एक यंत्रच होतं.

ओठांवरून त्याला माझं बरंच बोलणं कळायचं. मी म्हणाले, "आपलो झीलय हयच आसतलो." त्याने बुजवलेल्या खड्ड्यावरची वाळू हाताने सारखी केली. मग म्हणाला, "खिळे सगळे सारखे, गो. तेचो खंयचो तां कसा कळतला?"

घरी येऊन मी सासूबाईंसमोर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. त्या चुलीत फुंकर घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाय सुजलेले. पायातले वाळे निघाक नाय. म्हाताऱ्यान तसोच नेल्यान." आणि थोड्या वेळाने, "मेल्या पोराक कित्याक जागयतस? निजलासा, निजांदे."

मी तेवढंच ऐकलं. वाळे. बारशाला माहेराहून आलेले चांदीचे वाळे त्याच्या पायात होते. म्हणजे बाकी सगळ्यांवर आवाज खाली जाईल आणि एकावर वर चढेल.

पण लहान मुलाच्या वाळ्यांचा आवाज कसा असतो ते मला माहीत नव्हतं. पातळ चांदी, टोकं न जुळलेली, ती कमरेएवढ्या खोलीवरून बोलते तरी का? सराव करायला हवा होता. शेजारणीचा मुलगा रांगत होता, त्याच्या पायांत तसेच वाळे होते. मी जाऊन मागितले, दोन दिवसांसाठी. कशासाठी ते खरं सांगून बसले, हा माझा मूर्खपणा.

"माझ्या झिलाचे वाळे वाळयेत पुरूक देव?" ती ओरडलीच. "खुळी झालंस काय गो?" तिने पोराला उचलून पोटाशी धरलं आणि मी अंगणातून बाहेर पडायच्या आत मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. माझी दृष्ट काढली तिने! मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिचं बरोबर आहे हेही कळत होतं. तिच्या जागी मी असते तर मीही नसते दिले.

त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने कमरेचा चांदीचा करदोटा काढला, लग्नात माझ्या वडिलांनी घातलेला. त्याचा एक तुकडा तोडला, ठोकून तार केली आणि वाकवून दोन वाळे केले. वाकडेतिकडे झाले. मग तो पुरायचा आणि मी ऐकायची. मी स्वतः पुरले तर दोन्ही वेगळे ठेवायची, चार बोटं अंतर सोडून, बाळाचे पाय असतात तसे, आणि खोल. तेव्हा आवाज जेमतेम यायचा, श्वास अडकल्यासारखा, आणि लगोलग दुसरा. तो पुरायचा ते एकावर एक ठेवून, एकाच जागी, अंगठा आणि करंगळी ताणली की होते तेवढ्याच खोलीवर. पलटणीत त्याच्या हाताला तीच खोली बसली होती. विळी असो, किल्ली असो, वीतभराच्या वर नाही आणि खाली नाही. मी त्याला सांगायची, "खोल पुरा." तो मान हलवायचा आणि पुन्हा तेवढंच पुरायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात आम्ही केतकीच्या बनामागे जायला लागलो. गावाने आम्हाला वाळीत टाकलं नाही एवढंच. लोक म्हणत, हा बहिरा आणि ती वेडी. मचव्यांचे मालक नांगर शोधायला येईनासे झाले. मी काठीने वाळूवर रेघा मारून पट्टे पाडले. एक पट्टा संपल्याशिवाय दुसऱ्यावर जायचं नाही. आवाज खाली, आखूड. आवाज खाली, आखूड. एकेका खिळ्यावरून मी चकती पुढे नेली. किती होते देवा! आमच्या एवढ्याशा गावात किती आया होत्या आणि त्यातली एकही कधी बोलली नव्हती. शेजारणीची सासू, देवळाजवळची म्हातारी, कोण कोण. काही दिवशी चार पट्टेसुद्धा माझ्याने पुरे होईनात. काही दिवशी घाम गोळ्यांत साचून कान सोलवटायचे आणि तरी मी थांबत नसे. आवाज वर गेला नाही. एकदाही नाही.

बॅटऱ्या मुंबईहून बोटीने येत आणि त्या वर्षी दुकानदाराने सांगून पाठवलं की तसल्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. होती ती शेवटची जोडी. वैशाखाच्या शेवटी बोटी बंद व्हायच्या झाल्या तेव्हा गुणगुण अशक्त होऊ लागली. पाऊस लागला की खाडीचं तोंड दर वर्षी सरकतं. कोणता भाग उरेल आणि कोणता जाईल, सांगता येत नाही. मी जेवेनाशी झाले. नवरा माझ्यासमोर बसून माझ्या ताटाकडे बघत राहायचा.

शेवटच्या दिवशी त्याने माझा दंड धरला आणि मला बनाच्या वरच्या अंगाला नेलं. एका माडाखाली, समुद्र पोचणार नाही अशा जागी. मी म्हणाले, "हय आपण बघितलां." त्याने माझ्या ओठांकडे पाहिलंच नाही. काठी फिरवायला लागला. मी कानांवर गोळे चढवले आणि त्याच्या हातावर बोटं ठेवली.

आवाज वर चढला.

मी काठी त्याच्या हातातून घेतली आणि पुन्हा फिरवली. पुन्हा वर, स्वच्छ, मोकळा. मी चकती हळूहळू उचलली. आवाज मेला तो वीतभर खोलीचा मेला. चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे नेली. दुसरा आवाज नव्हता. एकच होता, एकावर एक ठेवलेल्या दोन वाळ्यांचा. शंभर वेळा ऐकलेलं पुरणं होतं ते. वाळूखाली मुलगा नव्हता, माझ्या नवऱ्याचा हात होता.

मला इतका संताप आला की काठी फेकून द्यावीशी वाटली. माझ्या मुलाच्या जागी तुम्ही मला शिकवणीचा धडा पुरून ठेवलात? मी पोर आहे म्हणून समजलात? मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो डावा हात पुढे करून उभा होता. पण डोळे मिटलेले नव्हते. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आमच्या घरात त्या मुलाला न पाहिलेला हा एकटाच. मी त्याला दूध पाजलं होतं. सासूबाईंनी न्हाऊ घातलं होतं. सासऱ्यांनी हातांवर नेलं होतं. ह्याच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. मला न सांगता ह्याने इथे जे काही पुरलं, तेवढंच त्याने त्या मुलासाठी केलेलं काम होतं.

मी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि कोपराकडे ओढत नेली, सावकाश.

"दोन?" त्याने विचारलं. "दोन आसत मां?"

मी दोन बोटं दाबली.

तो तिथे खाली बसला, दोन्ही तळवे वाळूवर ठेवले आणि रडायला लागला. रडणं कसलं, तो ओरडत होता. यंत्राचे गोळे कानांवर असूनही मला ऐकू आलं. दूर जाळी विणत बसलेली माणसं उठून उभी राहिली. एरवी त्याचा आवाज चढला की मी खांद्यावर हात ठेवून त्याला सांगत असे. त्या दिवशी नाही सांगितलं. मीही त्याच्या शेजारी बसले. माझा मुलगा तिथे नव्हता हे मला माहीत होतं, आणि त्याच्यासाठी मला मनापासून रडू फुटलं ते त्याच जागी.